फॅटी लिव्हरसाठी वजनाचं ऑपरेशन: सोनोग्राफीच्या रिपोर्टपासून वर्षभरानंतरच्या फायब्रोस्कॅनपर्यंत

सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या तळाशी 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' अशी ओळ असते. ती वाचून काही जण 'हल्ली सगळ्यांनाच असतं' म्हणत फाइल कपाटात टाकतात, आणि काही जण घाबरून थेट वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा खर्च विचारायला लागतात. माझ्या वहिनींनी चार वर्षं पहिलं केलं आणि मग एका आठवड्यात दुसरं. त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या फेऱ्या मीच मारल्या. त्या फेऱ्यांमध्ये, आणि त्यासाठी जे वाचावं लागलं त्यात, एक गोष्ट पक्की कळली. ऑपरेशन जठरावर होतं, पण ते करायचं का आणि कधी, हे लिव्हरकडे बघून ठरवायचं असतं. आणि लिव्हरची खरी अवस्था त्या ग्रेडच्या ओळीत लिहिलेली नसते.

आधी लिव्हर किती कडक झालंय ते शोधा

सोनोग्राफीची ग्रेड म्हणजे लिव्हर पडद्यावर किती पांढरट दिसतंय याचा अंदाज. तो चरबीचा अंदाज आहे. माणसाला पुढे त्रास होतो तो चरबीपेक्षा व्रणामुळे. चरबी साठते, काही जणांमध्ये तिच्यामुळे सूज येते, सूज वर्षानुवर्षं राहिली की आत व्रणाचे धागे तयार होतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात आणि त्याच्या पायऱ्या एफ-० ते एफ-४ अशा मोजतात. एफ-४ म्हणजे सिरॉसिस. ग्रेड १ असलेल्या माणसाला एफ-३ असू शकतो आणि ग्रेड ३ वाल्याला एफ-०. या दोन मोजपट्ट्यांची गल्लत इतकी सर्रास होते की मी वहिनींच्या फाइलवर मार्करने लिहून ठेवलं होतं: 'ग्रेड म्हणजे एफ नव्हे.'

(२०२३ मध्ये या आजाराचं नाव बदललं. पूर्वीच्या एनएएफएलडीला आता एमएएसएलडी म्हणतात आणि सूज असलेल्या प्रकाराला एमएएसएच. रिपोर्टवर जुनं-नवं काहीही दिसलं तरी आजार तोच.)

पहिली चाचणी घरबसल्या, कागदावर होते. तिचं नाव फिब-४. त्यासाठी साध्या रक्त तपासणीतले तीन आकडे लागतात: एसजीओटी, एसजीपीटी (ही दोन लिव्हरची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणायचं. प्लेटलेटच्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं. वहिनींचं वय ४६, एसजीओटी ६२, एसजीपीटी ८१, प्लेटलेट १.६ लाख. प्लेटलेट हजारात घ्यायच्या, म्हणजे १६०. ४६ गुणिले ६२ म्हणजे २,८५२. ८१ चं वर्गमूळ ९, म्हणून १६० गुणिले ९ म्हणजे १,४४०. भागाकार १.९८.

१.३ च्या खाली उत्तर आलं तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर आलं तर वेळ न घालवता लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायचं. मधे आलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करायची. पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ही खालची रेषा धरतात. वहिनी मधल्या पट्ट्यात होत्या. एका बाबतीत जपून राहा: एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे लिव्हर ठणठणीत, असं नसतं. सिरॉसिसमध्येही तो आकडा नॉर्मल येऊ शकतो.

फायब्रोस्कॅनला उपाशीपोटी जायचं, किमान तीन तास काही खायचं नाही. उताणं झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात आणि बरगड्यांच्या फटीत पेनासारखं यंत्र टेकवून बारीक टिचक्या मारतात. दुखत नाही. "कॅरमची सोंगटी मारल्यासारखं वाटतं," असं वहिनी म्हणाल्या. किमान दहा चांगली मापं मिळायला हवीत. वजन जास्त असेल तर यंत्राचा मोठा, एक्सएल प्रोब लागतो, नाहीतर आकडा चुकीचा येऊ शकतो. अपॉइंटमेंट घेतानाच तो आहे का ते विचारा. आम्ही विचारलं नाही, म्हणून एक फेरी फुकट गेली.

उत्तर किलोपास्कलमध्ये येतं. ८ च्या खाली असेल तर दिलासा. ८ ते १२ म्हणजे लक्ष द्यायला हवं. १२ च्या वर असेल तर व्रण बराच पुढे गेल्याची शंका. २० च्या वर गेलं किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील, तर लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढलाय का हे बघण्यासाठी एंडोस्कोपी लागते. वहिनींचा आकडा ११.२ आला.

मग आपण कुठे बसतो ते ठरवा

व्रण नाही, फक्त चरबी आहे आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) २५-२६ च्या आसपास आहे, तर ऑपरेशनचा विषयच नाही. शरीराच्या वजनाच्या ५ टक्के वजन उतरलं तरी चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्क्यांत सूज ओसरू शकते, आणि १० टक्क्यांच्या पुढे व्रणसुद्धा मागे हटू शकतो. ९२ किलोच्या माणसाला हे १० टक्के म्हणजे सव्वानऊ किलो. ते चालून, जेवण आवरून जमणारं आहे. अडचण टिकवण्यात असते. आपल्याकडे सडपातळ माणसांनाही फॅटी लिव्हर होतं, त्यांच्यासाठीही या लेखात पुढे शोधण्यासारखं काही नाही.

ऑपरेशनचा विचार खरा कोणासाठी, तर ज्यांचा बीएमआय जास्त आहे, सोबत मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, लिव्हरला सूज किंवा एफ-२, एफ-३ चा व्रण आहे, आणि मनापासून प्रयत्न करूनही वजन परत चढतंय. १९९१ च्या अमेरिकी नियमात बीएमआय ४०, किंवा आजारांसोबत ३५, अशी रेषा होती. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून पुढे ऑपरेशन देता येतं असं म्हटलं, कारण आपल्या अंगकाठीत कमी वजनावरच पोटात चरबी साठते. पण २७.५ ला 'देता येतं' याचा अर्थ 'करायलाच हवं' असा होत नाही. लिव्हरवर व्रण नसेल आणि साखर ताब्यात असेल, तर मी त्या बीएमआयला टेबलावर झोपणार नाही.

सिरॉसिस असेल तर? पोटात पाणी नाही, कावीळ नाही, रक्ताची उलटी झालेली नाही, भ्रम होत नाही आणि शिरेतला दाब फारसा वाढलेला नाही, अशा 'सावरलेल्या' सिरॉसिसमध्ये अनुभवी टीम ऑपरेशन करू शकते. यांपैकी एक जरी घडलेलं असेल तर ऑपरेशन नाही, तिथे लिव्हर प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राचा सल्ला घ्यायचा. म्हणून मी म्हणतो, वेळ लिव्हर ठरवतं. फार लवकर केलं तर नको असलेला धोका, फार उशीर केला तर दार बंद.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचं काय, हा प्रश्न आता पहिला येतो. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनला ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत एफ-२, एफ-३ च्या एमएएसएचसाठी मंजुरी मिळाली. त्याआधी मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉम या गोळीला मिळाली होती. सिरॉसिस नसेल आणि बीएमआय तिशीच्या आसपास असेल, तर आधी औषध वापरून बघणं मला शहाणपणाचं वाटतं. इंजेक्शन बंद केलं की वजन बहुतेकदा परत येतं, म्हणून वर्षानुवर्षांचा खर्च आधीच मांडून बघा.

लिव्हर खरंच सुधारतं का

सुधारतं, आणि हे बायोप्सीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून म्हटलेलं आहे. फ्रान्समधल्या लील इथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांची पाच वर्षांनी पुन्हा बायोप्सी केली. ८४ टक्के जणांची एमएएसएच गेली होती आणि साधारण ७० टक्क्यांचा व्रण कमी झाला होता. रोममध्ये २८८ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं: बायपास, स्लीव्ह (हे ऑपरेशनचे दोन प्रकार, पुढे सांगतो), आणि औषधांसह आहार-व्यायाम. २०२३ मध्ये निकाल आला. वर्षभरात व्रण न वाढता एमएएसएच गेलेले बायपासमध्ये ५६ टक्के, स्लीव्हमध्ये ५७ आणि तिसऱ्या गटात १६.

दुसरी बाजूही त्याच तोलाची आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०२१ मध्ये एमएएसएच असलेल्या, सिरॉसिस नसलेल्या ६५० ऑपरेशनवाल्यांचा हिशोब मांडला. दहा वर्षांत लिव्हरची मोठी गुंतागुंत २.३ टक्क्यांना झाली, ऑपरेशन न केलेल्यांत ९.६ टक्क्यांना. पण त्या ६५० पैकी चौघे पहिल्याच वर्षात ऑपरेशनच्या गुंतागुंतीने गेले. 'काही होत नाही हो, दोन दिवसांत घरी' असं म्हणणाऱ्याला हा आकडा विचारा.

स्लीव्ह की बायपास

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग कापून काढतात, केळ्याच्या आकाराची नळी उरते. आतडं तसंच राहतं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. भूक आणि इन्शुलिनशी संबंधित हार्मोन दोन्हींत बदलतात, त्यामुळे साखर वजनाच्या आधीच उतरायला लागते.

लिव्हरपुरतं बोलायचं तर दोन्हींचा फायदा जवळपास सारखा, हे रोमच्या आकड्यांत दिसलंच. निवड बाकीच्या गोष्टींवर होते. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येण्याचा जुना त्रास असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो. मधुमेह जुना आणि हट्टी असेल तर बायपासकडे कल जातो. सिरॉसिस असेल तर बहुधा स्लीव्हच, कारण पुढे एंडोस्कोपीची वाट मोकळी राहते. आपल्याकडे एका जोडाचा 'मिनी बायपास'ही बराच होतो. त्यात आतड्याचा किती भाग वगळणार, हे सेंटिमीटरमध्ये विचारा. फार लांब भाग वगळला की प्रथिनं अंगी लागत नाहीत, आणि कुपोषणातून लिव्हर उलट बिघडल्याच्या नोंदी आहेत. साठ-सत्तरच्या दशकात जवळजवळ सगळं लहान आतडं वगळणारं ऑपरेशन याच कारणाने बंद पडलं.

सर्जनला आणखी एक विचारायचंच: "ऑपरेशनच्या वेळी लिव्हरची बायोप्सी घेणार का?" दुर्बीण आत असतेच, लिव्हर समोर दिसत असतं. वेगळ्या सुईपेक्षा हे सोपं पडतं आणि पुढे तुलनेला पक्का पाया मिळतो.

विम्याचं गणित

इथे आम्ही आपटलो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित नियमांत लठ्ठपणाच्या ऑपरेशनची अट एक्सक्ल-०६ (Excl06) या कलमात आहे. वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त. अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयाच्या स्नायूंचा लठ्ठपणामुळे झालेला आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र त्रास किंवा ताब्यात नसलेला टाइप-२ मधुमेह, यांपैकी एक. वजन कमी करण्याचे साधे उपाय फसलेले असावेत, हेही त्यात येतं. फॅटी लिव्हर या यादीत नाही. डॉक्टरांची रेषा २७.५ वर आली तरी विम्याची अजून १९९१ च्याच आकड्यांवर उभी आहे. वहिनींची उंची ५ फूट ४ इंच, वजन ९२ किलो, बीएमआय ३४.८. अर्ज नामंजूर.

बीएमआय ३५ च्या वर असेल तर पूर्वमंजुरीच्या पत्रात मधुमेहाचे एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) रिपोर्ट, झोपेची तपासणी आणि आहारतज्ज्ञाकडच्या जुन्या नोंदी जोडा. नुसतं 'फॅटी लिव्हर' लिहिलेलं पत्र परत येण्याची शक्यता जास्त. आणि फॉर्मवर वजन वाढवून लिहू नका. भूलतज्ज्ञ औषधाचा डोस त्याच वजनावर ठरवतात.

ऑपरेशनआधीचे दोन-तीन आठवडे

फॅटी लिव्हर सुजलेलं असतं आणि त्याचा डावा भाग जठरावर पडदा टाकल्यासारखा पसरलेला असतो. सर्जनला तो उचलून धरूनच काम करावं लागतं. म्हणून दोन ते चार आठवडे ८०० ते १,००० कॅलरींचा आहार देतात. त्याने लिव्हर आकसतं. हा आहार म्हणजे उपास नव्हे. साबुदाणा, वेफर, रताळं, राजगिऱ्याचा लाडू यांना इथे जागा नाही. घरी असं चाललं: सकाळी साय काढलेल्या दुधात व्हे प्रोटीन, अकराला पातळ ताक, दुपारी फोडणी न दिलेलं घट्ट मुगाचं वरण आणि काकडी, चारला अंड्याचे दोन पांढरे, रात्री भाज्यांचं सूप आणि पनीरचे चार तुकडे. तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं, पाचव्या दिवशी भूक गप्प झाली.

मधुमेहींनी हा आहार औषधं न बदलता सुरू करायचा नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्शुलिनचा डोस तसाच राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, कारण कमी खाण्यात त्या गोळ्यांनी रक्तात आम्ल साठू शकतं. वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा.

तंबाखू, मिश्री, सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद. मिश्री लावणाऱ्या बायका 'मी कुठे तंबाखू खाते' म्हणतात, म्हणून नाव घेऊन विचारलेलं बरं. दारू पूर्ण बंद. आणि लिव्हरसाठी म्हणून चालू असलेले काढेही बंद: कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनीच नोंदवलं आहे.

पहिले सहा आठवडे

दवाखान्यात दोन-तीन दिवस. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. घरी आल्यावर मोजायचं साधन एकच, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण. वहिनींनी ते ओट्यावर ठेवलं होतं. एक झाकणभर पाणी, पाच मिनिटं थांबा, मग दुसरं झाकण. आयुष्यभर तांब्या तोंडाला लावून पाणी प्यालेल्या बाईला हे उपाशी राहण्यापेक्षा अवघड गेलं. दिवसाला दीड लिटर पोटात गेलं पाहिजे आणि एकावेळी घोटापलीकडे जाता येत नाही, त्यामुळे जागेपणीचा सगळा वेळ पाण्यातच जातो.

पहिले दोन आठवडे पातळ: ताक, गाळलेलं वरण, मुगाचं कढण, प्रोटीन. पुढचे दोन मिक्सरमधलं. मग मऊ: पनीरची भुर्जी, मऊ मासा, चांगलं शिजलेलं वरण. सहा आठवड्यांनंतर घरचं जेवण, पण क्रम उलटा. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर अर्धी भाकरी. भात आणि मैद्याचा पाव चिकट गोळा होऊन अडकतात. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. तिसऱ्या आठवड्यात होळी आली. वहिनींनी घरासाठी वीस पोळ्या लाटल्या आणि स्वतः कटाचं वरचं पाणी, तिखट न घातलेलं, तीन झाकणं घेतलं. "भावोजी, वास मात्र पोटभर घेतला." बायपासवाल्यांनी तर पुरणपोळी आणि उसाच्या रसापासून पुढेही लांब राहावं. गोड झपाट्याने आतड्यात उतरलं की घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात.

पुढच्यापैकी काही झालं तर फोनवर सल्ला घेत बसू नका, दवाखाना गाठा. नाडी १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप: हे टाके सुटून गळती झाल्याचं लक्षण असू शकतं. दोन-तीन दिवस सतत उलट्या झाल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूला इजा होऊ शकते. नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावत असतील तर 'थायमिन दिलं का' हे नातेवाइकाने विचारायचं. काळं शौच किंवा डोळे पिवळे झाले तरी तेच, लगेच दवाखाना.

त्यानंतर, कायमचं

वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या बहुतेकांना देतात. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, डी आणि कॅल्शियम आयुष्यभर. प्रथिनं रोज किमान ६० ग्रॅम. शाकाहारी घरात हे वरण-भातावर भागत नाही. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅमच येतात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. निर्जळी उपास कायमचे सुटले असं समजा. बायपासनंतर डोकेदुखी-अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, जोडावर जखम होते. दारू लवकर चढते आणि सवय लागण्याचा धोका वाढतो. लिव्हरसाठी ऑपरेशन केलेल्याने तर ती ओठाला लावायचीच नाही. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायचं, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबायचं नाही.

रक्त तपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याला, मग दरवर्षी. पहिल्या काही महिन्यांत एसजीपीटी थोडं वर गेलं तर घाबरू नका, वजन झपाट्याने उतरताना तसं होऊ शकतं. पायांवर सूज आली आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) उतरलं तर मात्र थांबू नका, कारण तो प्रथिनांचा तुटवडा असू शकतो आणि लिव्हरला तो झेपत नाही.

फायब्रोस्कॅन वर्षाने, शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच प्रोबने, उपाशीपोटी. वहिनींच्या बायोप्सीत एफ-२ निघाला होता. वर्षाने वजन ७० आणि आकडा ६.९. ज्यांना आधीच सिरॉसिस होता, त्यांनी आकडा कितीही सुंदर आला तरी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्त तपासणी) सोडायची नाही. कॅन्सरचा धोका वजनाबरोबर संपत नाही. वहिनींना तेवढं लागलं नाही. त्यांची पुढची तारीख पुढच्या फेब्रुवारीत आहे, एक्सएल प्रोब आहे का ते विचारून घेतलेली.